पिशवीतले बूट

शेअर रिक्षात मी कधीच चेहरे बघत नाही, पाय बघते. बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरापासून पूल चालत ओलांडायचा, पूर्वेला यायचं आणि तिथून अंबरनाथ एमआयडीसीची रिक्षा धरायची, हा माझा रोजचा रस्ता. मागच्या सीटवर तिघं बसतात. माझे दोन पाय सोडले तर उरलेले चार कुठे आहेत आणि कुठे सरकणार आहेत, याचा अंदाज मला बसल्या बसल्या घ्यावा लागतो. शिफ्टला जाणाऱ्या कामगारांचे सेफ्टी शूज असतात, पुढे लोखंडी टोक आणि तळाला वाळलेलं ग्रीस. कुणाच्या तरी सँडलला चिखल असतो. आणि कंपन्यांच्या गल्लीत वळल्यावर गटाराचं पाणी रस्त्यावर आलेलं असतं, कधी पिवळं, कधी गुलाबीसर. त्यात काय असतं ते मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच मी त्यात पाय ठेवत नाही.

नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे बंद बूट नव्हते. औषधांचा कच्चा माल बनवणारी मध्यम आकाराची कंपनी, त्यात क्वालिटीच्या कागदपत्रांचं खातं. इंटरव्ह्यूच्या शेवटी सरांनी टेबलाखालून दिसणाऱ्या माझ्या सँडलकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ऑडिटला फॉर्मल शूज लागतील. कस्टमरची माणसं आधी खाली बघतात, मग फाईल बघतात." वर्षभर मी प्रोबेशनवर होते. कायम होणं न होणं बरंचसं त्या एका ऑडिटवर होतं, कारण ऑडिटरसमोर फाइली घेऊन मीच उभी राहणार होते.

बूट घ्यायला आई मला उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये घेऊन गेली. दुकान अरुंद, छतापर्यंत खोके. दुकानदार म्हातारा सिंधी होता. त्याने शिडीवर चढून सगळ्यात वरचा, धूळ बसलेला खोका काढला. काळे, साधे, कमी टाचेचे बूट. माझ्या मापाचा तो शेवटचाच जोड होता.

"प्युअर लेदर आहे, बेटा. बघ, हात लावून बघ."

मी हात लावला. वास घेतला. आई दुसरीकडे बघतेय असं पाहून अंगठ्याचं नख हळूच चामड्यावर दाबलं. सुरकुती पडली आणि गेली. तरी माझी खात्री होईना. उल्हासनगरात कशाचीही हुबेहूब नक्कल बनते, हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलोय.

"काय गं, पोलीस तपास चाललाय का?" आई म्हणाली.

"करू दे, करू दे," म्हातारा हसला. "शक करना अच्छी बात है. पण एक सांगतो बेटा, हे रोज घालायचे. रखना मत. ठेवून दिलं की बूट मरतो."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, हो, रोज घालू म्हणजे लवकर झिजतील, म्हणजे आम्ही परत तुमच्याच दुकानात. मी असा विचार लगेच करते. तोंडावर काही बोलत नाही. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे आणि घरी इंग्रजी बोललं की सगळे हसायचे, त्यामुळे मी गप्प राहायला लवकर शिकले. गप्प माणसाला बघायला भरपूर वेळ मिळतो. आणि बघत राहिलं की संशय घेण्यासारखं काही ना काही सापडतंच.

पहिल्या आठवड्यात मी ते बूट घालून रिक्षात बसले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या माणसाचं लोखंडी टोक माझ्या बुटापासून दोन बोटांवर येऊन थांबलं. चौथ्या दिवसापासून मी पायात पावसाळी प्लॅस्टिकच्या चपला घालू लागले आणि बूट पिशवीत. आत कापडी पिशवी, बाहेर प्लॅस्टिकची, वर गाठ. पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर.

"मॅडम," एकदा रिक्षावाला आरशातून म्हणाला, "डब्यात काय बिर्याणी आहे का? एवढं जपून धरलंय."

"बिर्याणी असती तर वास आला असता," माझ्या शेजारचा कामगार म्हणाला. "सोनं असेल."

सगळे हसले. मीही थोडीशी हसले आणि गाठ घट्ट आहे का ते चाचपून पाहिलं.

कंपनीत बूट बदलायची जागा म्हणजे लेडीज रूम. एक वॉशबेसिन, एक आरसा, एक बाकडं, एक लोखंडी मांडणी. तिथे सकाळी साफसफाईच्या मावशी चहा घेत बसलेल्या असत. बदलापूरच्या पलीकडच्या गावातल्या. घरची भातशेती, आणि इकडे कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली नोकरी. वय आईएवढं असेल. मला कुणासमोर एका पायावर उभं राहून बूट चढवणं नको वाटायचं, पण त्या उठायच्या नाहीत. उलट निवांत बघत बसायच्या.

"काय गो बाय, आज पन झोळीतून बूट? रोज नेतेस, रोज आनतेस. बूट तुला चालवतात का तू बुटांना?"

"रस्ता खराब आहे ना मावशी."

"मग हितं ठेव की मांडनीवर. कोन घेतोय तुजे बूट?"

हे "कोन घेतोय" मला आवडलं नाही. कुणी घेईल असं मी म्हटलंच नव्हतं. पण रोज पिशवी वाहून खांदा दुखायला लागला होता, म्हणून एका शुक्रवारी मी बूट मांडणीवर ठेवले. आत इंग्रजी पेपरची पुरवणी चुरगाळून भरली, म्हणजे आकार राहतो. बाबांनी शिकवलं होतं. ते अंबरनाथच्याच एका कारखान्यात अधिकारी होते, आता निवृत्त आहेत, आणि बुटांत कागद भरण्याबद्दल त्यांची ठाम मतं आहेत.

सोमवारी बुटांतून मराठी पेपर निघाला.

मी तो उलगडून दोन्ही बाजूंनी बघितला. स्थानिक पेपरचं आतलं पान होतं, कुठल्याशा गावच्या पाण्याच्या टाकीची बातमी. मी शुक्रवारी जे भरलं होतं ते नव्हतं, एवढं नक्की. बुटांना चमकही जरा जास्त होती. चमक हा पुरावा आहे, असं मला वाटलं. कारण नसताना कोण कशाला दुसऱ्याचे बूट पुसेल? काहीतरी पुसून टाकायचं असेल तरच.

माझ्या खात्यात कामाची पद्धत अशी की लिहिलं नाही ते घडलंच नाही. म्हणून मी डायरीच्या मागच्या पानावर नोंद करायला लागले. तारीख, निरीक्षण, शक्यता. पुढच्या सोमवारी परत कागद बदललेला. त्याच्या पुढच्या सोमवारी डाव्या बुटाच्या तळाला पांढरी भुकटी, म्हणजे फरशी पुसायच्या आधी टाकतात तसली. बूट चालले होते, आणि माझ्या पायात चालले नव्हते. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मावशींचे पाय बघितले. त्या स्वतःचे बूट काढून बाकड्यावर मांडी घालून बसल्या होत्या. पाऊल माझ्याएवढंच. शक्यतेच्या रकान्यात मी ते माप आणि त्यांचं नाव लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

विचारलं मात्र नाही. विचारायचं कसं? "मावशी, तुम्ही माझे बूट घातले का?" हे वाक्य मी रिक्षात मनातल्या मनात कितीदा जुळवलं. इंग्रजीत ते उद्धट वाटायचं, मराठीत त्याहून. शिवाय नाही म्हणाल्या असत्या तर माझा विश्वास बसला नसता आणि हो म्हणाल्या असत्या तर पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी बूट पिशवीत घातले, घरी नेले, आणि परत मांडणीवर ठेवले नाहीत. रोजच्यासाठी स्वस्तातले काळे कापडी बूट घेतले. मावशी दोन दिवस माझ्या पायांकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवसापासून बघायच्या थांबल्या. चहाचं विचारायच्याही थांबल्या.

आता चांगले बूट फक्त ऑडिटला घालायचे, असं मी ठरवलं. मऊ फडक्याने पुसले, कागद भरला, कापडी पिशवीत घातले, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत. हवा दाबून काढली. दोन गाठी मारल्या. मग खोक्यात, आणि खोका कपाटावर. जून होता. बदलापूरच्या दमट हवेत भिंतींना आणि लोणच्यालाही बुरशी येते, माझ्या बुटांना येऊ द्यायची नव्हती.

बाबा खालून बघत होते. "बूट घालायला आणलेत का पूजेला?"

"ऑडिटला लागतील."

"मग मधे मधे घाल जरा. घरात चाल."

"घरात बूट?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

चार महिने मी त्या खोक्याकडे नुसतं खालून बघत होते. कुणी हलवलेला नाही, एवढं बघितलं की बरं वाटायचं.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात ऑडिट आलं. सकाळी मी गाठी सोडायला घेतल्या. त्या सुटेनात, शेवटी प्लॅस्टिक कापलं. बूट जसेच्या तसे होते. काळे, चकचकीत, बुरशीचा ठिपका नाही. मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं. पूर्वीसारख्या चपला घालून रिक्षा केली, पिशवी मांडीवर. लेडीज रूममध्ये जायचं नव्हतं, म्हणून कंपनीच्या अलीकडच्या बंद वजनकाट्याच्या ओट्यावर बसून बूट बदलले, आणि आत गेले.

आमच्या खात्यापासून कॉन्फरन्स रूमपर्यंत लांब पॅसेज आहे, पांढऱ्या टाइल्सचा. मावशींनी तो नुकताच पुसला होता. ऑडिटर गेटवर पोचायला अजून वीस मिनिटं होती. मी फाइली नेत होते. एक खेप, दोन खेपा, तीन. तिसऱ्या खेपेला टाच जरा मऊ लागली. वाटलं, चार महिन्यांनी घातलेत, सवय नाही. पाचव्या खेपेला पॅसेजमध्ये काळे कण दिसले. मोठ्या मोहरीएवढे, काही त्याहून मोठे, दाबलं की चिकटणारे. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? की प्लांटमधला कुणीतरी सेफ्टी शूज न काढता इकडून गेला. मी मागे वळून कोण गेलं असेल ते बघायला लागले. कोणीच नव्हतं.

मी फाइली ठेवायला कॉन्फरन्स रूममध्ये जाऊन खुर्चीवर बसले तेवढ्यात बाहेरून सरांचा आवाज आला. दार उघडंच होतं.

"मावशी! हे काय आहे?"

मावशी पोचा घेऊन आल्या. "काय, सायेब?"

"हे काळं. क्वालिटीच्या पॅसेजमध्ये. आज. पुसलं नव्हतं का?"

"पुसलं, सायेब. दोनदा पुसलं."

"मग हे काय वरून पडलं? औषधाची कंपनी आहे ही, रेल्वे स्टेशन नाही. गेल्या वेळी पण सांगितलं होतं. मी कॉन्ट्रॅक्टरला फोन करतो. उद्यापासून दुसरी बाई पाठव म्हणून सांगतो."

 मावशी वाकून कण गोळा करायला लागल्या. एक उचलला, बोटांत चुरला, बघितला. मग त्या कणांच्या मागे मागे नजर नेत दारापर्यंत आल्या. दारातून आत. टेबलाच्या पायापर्यंत. मग माझ्या बुटांपर्यंत. मी खुर्चीखाली पाय ओढून घेतले तेव्हा उजव्या टाचेचा एक तुकडा फरशीवरच राहिला.

आमची नजरानजर झाली. त्यांना कळलं होतं आणि मलाही त्याच क्षणी कळलं. आता त्या सांगणार, असं वाटलं. मी असते तर सांगितलं असतं, निदान डायरीत तरी लिहिलं असतं. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "परत पुसते, सायेब. पाच मिनटं द्या."

सर फोन काढत होते. माझ्या हातात पहिली फाईल होती. प्रोबेशन, ऑडिट, वर्षभराचं सगळं त्या खोलीत होतं. गप्प बसणं मला इतकं सवयीचं आहे की ते करावंही लागत नाही, आपोआप होतं. फोनची रिंग दुसऱ्या बाजूला वाजायला लागल्याचं मला ऐकू आलं.

"सर," मी म्हटलं. आवाज फार लहान निघाला. परत म्हटलं, "सर, ते माझ्या बुटांचं आहे."

मी उभी राहिले आणि पाय मागे दुमडून दाखवला. उजव्या बुटाचा तळ अर्धा सुटून लोंबत होता. जिथे तुटला होता तिथे तो रबरासारखा नव्हता, ओल्या केकसारखा होता. वरचं चामडं मात्र चकचकीत.

सरांनी फोन कापला. बुटाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "कुठून घेतले हे?"

"सर, फक्त आजसाठी ठेवले होते."

"ठेवले होते," ते म्हणाले. मागे प्रॉडक्शनचे एक जण हसले. सर हसले नाहीत. "याची नोंद करा. पॅसेजमध्ये बाहेरचा कण, कारण काय, उपाय काय, सगळं लिहा. ऑडिटरने विचारलं तर तुम्हीच सांगायचं. आणि आता आत कशा उभ्या राहणार तुम्ही? अनवाणी?"

माझे कापडी बूट घरी होते. पिशवीत प्लॅस्टिकच्या हिरव्या चपला होत्या. ऑडिटर गेटवर आल्याचा निरोप आला.

"बाय, हिकडं ये," मावशी लेडीज रूमच्या दारातून म्हणाल्या.

आत त्यांनी स्वतःचे बूट काढले. कॉन्ट्रॅक्टरने दिलेले काळे, साधे, टोकाला जरा पांढरे पडलेले. ओल्या फडक्याने पुसले आणि माझ्यापुढे ठेवले. मी ते घातले. आतून गरम आणि थोडे दमट होते, फिनेलचा वास येत होता. मापाला बरोबर बसले. बसणारच होते, ते माप मी चार महिन्यांपूर्वी पुरावा म्हणून लिहून ठेवलं होतं.

"तुम्ही काय घालणार?"

"मी हितंच बसते. त्ये लोक जाईपरेंत बाहेर निघत नाय. मना कोन बघतोय?"

मी दिवसभर त्यांच्या बुटांत उभी होते. ऑडिटरने खाली बघितलं की नाही ते मला आठवत नाही. पॅसेजच्या नोंदीचं त्याने वाचलं आणि विचारलं, हे तुम्ही स्वतः सांगितलंत का. मी हो म्हटलं. त्याने पान उलटलं.

चार वाजता मी बूट परत करायला गेले. मावशी बाकड्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मी बूट पुसून पुढे ठेवले. त्यांनी ते लगेच घातले नाहीत.

"एकदा घातले होते मी तुजे," त्या म्हणाल्या. "तवा मांडनीवर होते नं, तवा. दोन पावलं चालले, आरशापर्यंत. बगितलं कसं वाटतं. मग पुसले. कागद बदलायची दर शनवारी, तो भिंतीच्या ओलीनं भिजायचा."

"मला माहीत होतं."

"काय म्हायती होतं?"

"घातले होते ते."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण मला राग चालला असता. "म्हायती होतं तं बोलली का नाय? बोलली असतीस तं मी परत घातले असते का?"

 संशय खरा निघाला होता. दोन पावलांपुरता. त्या दोन पावलांसाठी मी बूट चार महिने कोंडून ठेवले होते, आणि मावशींनाही माझ्या संशयात.

पुढच्या रविवारी मी एकटीच कॅम्प एकला गेले. म्हाताऱ्याने बूट हातात घेतले, उलटे केले, तळाला बोट लावलं. बोट आत गेलं.

"प्लॅस्टिक में बाँध के रखा था ना?"

मी मान हलवली.

"बोला था बेटा, पहनो. हा सोल हवा मागतो, चाल मागतो. बंद ठेवला की आतून गळतो. चमडा बघ, चमडा अजून नवा आहे." मग मिस्कीलपणे, "तू तर चमड्यावरच शक करत होतीस. सोलला कोणी विचारलं नाही."

नख लावताना त्याने मला बघितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्याने ओळखीच्या कारागिराकडून नवा रबरी तळ शिवून दिला. आता ते बूट मी रोज घालते, रिक्षातही. उजव्या टोकाला एक ओरखडा आहे, लोखंडी टोकाचा. ज्याने दिला त्याने "सॉरी मॅडम" म्हटलं, आणि मी "चालेल" म्हटलं, जरी तो मुद्दाम सरकला होता असं मला अजूनही वाटतं.

कायम झाल्याचं पत्र आलं. ते मिळवण्यापेक्षा एक लहानशी गोष्ट मला जास्त अवघड गेली. एका शुक्रवारी पिशवीतून आणलेल्या पावसाळी चपला घालून घरी निघाले आणि बूट मांडणीवर ठेवले, पुरवणी चुरगाळून, मावशींच्या समोर. त्या चहा ओतत होत्या, दुसरा कप काढला.

शनिवार-रविवार मी दोनदा बुटांचा विचार केला. खोटं कशाला सांगू, चार-पाचदा केला. सोमवारी बुटांतून मराठी पेपर निघाला. मी बाकड्यावर बसून तो सरळ केला आणि वाचला. मी मराठी सावकाश वाचते. त्या गावच्या पाण्याच्या टाकीचं काम अजून सुरू झालेलं नव्हतं.

"आमच्याच गावची टाकी ती," मावशी म्हणाल्या. "पुढं वाच."